कचऱ्याचं कंत्राट रद्द झालं, आता बाहेरचे वकील नेमणार. ठरावावर हरकत घ्यावी का?

काटोलरोड_संत्रेवाला

नमस्कार मंडळी. मी राहतो नागपुरात, पण घर, शेती आणि घरपट्टी गावाकडे. गाव आपल्याच जिल्ह्यातलं, ब वर्ग नगरपरिषद. वाद सुरू आहे म्हणून गावाचं आणि ठेकेदाराचं नाव लिहीत नाही, तुम्हीही अंदाज बांधून लिहू नका ही विनंती.

प्रकरण असं. घरोघरचा कचरा उचलणं, ओला-सुका वेगळा करणं आणि डम्पिंग यार्डवरच्या जुन्या ढिगाऱ्याचं बायोमायनिंग (साचलेला कचरा खणून, चाळून वेगळा करणं), असं सगळं एकत्र कंत्राट होतं. मुदत संपायच्या आतच परिषदेनं ते रद्द केलं. गाड्या कमी येतात, कचरा एकत्रच टाकतात आणि वजनाच्या पावत्या संशयास्पद आहेत, ही कारणं दिली. ठेकेदारानं लवादाची, म्हणजे वाद कोर्टाऐवजी नेमलेल्या त्रयस्थापुढे सोडवण्याची, नोटीस पाठवली आहे. थकीत बिलं, यंत्रांचं भाडं, उरलेल्या मुदतीतला बुडालेला नफा आणि वर व्याज, एवढं सगळं मागितलंय.

आता सर्वसाधारण सभेपुढे विषय आलाय: बाहेरचे वकील नेमणे "व त्याकामी येणाऱ्या प्रत्यक्ष खर्चास मान्यता देणे". रक्कम नाही, वकिलाचं नाव नाही, किती सुनावण्या, किती वर्षं, काहीच नाही. परिषदेच्या पॅनेलवर वकील आहेत, त्यांना मानधनही जातं.

बाहेरचा वकील घ्यायला माझा मुळातून विरोध नाही. पण असा कोरा ठराव मला पटत नाही. नागरिक म्हणून हरकत घ्यावी का, आणि घ्यायची तर कोणत्या मुद्द्यावर?

इतवारी_भाऊ

हरकत घ्याच भाऊ. पॅनेलवरचे वकील कायले ठेवले मंग? पयले ठेकेदाराले पैसे, मंग त्याच्याशी भांडायले वकिलाले पैसे, आन् गावात कचरा तसाच पडून. जनतेचा पैसा असा उडवू नका म्हणा त्याइले.

सिव्हिललाइन्सचा_वकील

इतवारी भाऊ, तुमचा राग समजतो, पण थोडं ऐका. मी नागपूर खंडपीठात काम करतो. पॅनेलवरचा वकील साधारणपणे दिवाणी दावे, अतिक्रमणं, घरपट्टीची प्रकरणं बघतो. ती कामं तो नीट करतोही. कंत्राट रद्द झाल्यावरचा लवाद हे वेगळं काम आहे. तिथे हजारो पानांची बिलं, मोजमापं, पत्रव्यवहार असतो. साक्षीदार अभियंते असतात. ठेकेदाराच्या बाजूनं दावे तयार करणारी माणसं वर्षानुवर्षं तेवढंच करत आलेली असतात.

शिवाय मुदती कडक आहेत. १९९६ च्या लवाद कायद्यात कलम ३४ खाली लवादाच्या निवाड्याला न्यायालयात आव्हान द्यायला तीन महिने आणि सबळ कारण असेल तर वर फक्त तीस दिवस. त्यानंतर न्यायालयाच्याही हातात काही उरत नाही. आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून नुसता अर्ज दाखल केला म्हणून निवाड्याला स्थगिती मिळत नाही. ती वेगळी मागावी लागते, न्यायालय बहुतेक वेळा रक्कम भरायला सांगतं. सरकारी संस्था आहे म्हणून यात सवलत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये पाम डेव्हलपर्सच्या प्रकरणात स्पष्ट केलंय.

करारात लवादाचं कलम नसतं तर प्रकरण व्यावसायिक न्यायालयात गेलं असतं. तिथे समन्स मिळाल्यापासून १२० दिवसांत लेखी जबाब गेला नाही तर तो देण्याचा हक्कच संपतो. नगरपरिषदेत फाईल एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायलाच किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. म्हणून अनुभवी माणूस लागतो.

ठराव कोरा आहे, हा मात्र धागाकर्त्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर.

पारडीकर

वकील कोणताही नेमा, कंत्राट रद्द झाल्याच्या दुसऱ्या दिवशी कचरा कोण उचलतो ते आधी सांगा. आम्ही भांडेवाडीच्या डम्पिंग यार्डच्या वाऱ्याच्या दिशेला राहतो. उन्हाळ्यात ढिगाऱ्याला आग लागली की धूर घरात. खिडक्या लावल्या तर ४५ डिग्रीत माणूस भाजतो आणि उघडल्या तर खोकला. नागपूर शहराचा रोजचा हजार टनाच्या वरचा कचरा आमच्याकडे येतो. सगळे ठेकेदार, सगळे करार, सगळ्या निविदा आम्ही पाहिल्या. धूर मात्र आमच्याच नाकात.

त्या गावात बायोमायनिंग अर्धवट राहिलं असेल तर पावसाळ्याआधी खणलेला ढीग झाकायला लावा. उघड्या ढिगातून झिरपणारं काळं पाणी विहिरींत उतरतं. ते कोणताच लवाद परत काढून देत नाही.

सौ_लकडगंज

पारडीकर दादा, अगदी खरं. आणि आपण नागरिकही कमी नाही हो. घनकचऱ्याच्या २०१६ च्या नियमांतही ओला, सुका आणि घरगुती घातक असा तीन प्रकारे कचरा वेगळा द्यायचा होता. आमच्या गल्लीत दोन-चार घरं देतात. घंटागाडीवाला ते दोन डबे एकाच खणात उलटे करतो, मग ती घरंही सोडून देतात. मी गच्चीवर ओल्या कचऱ्याचं खत करते, कुंड्यांत छान पालक येतो. कोणाला विरजण हवं असेल तर सांगा.

इतवारी_भाऊ

ताई, विरजण मी येऊन घेऊन जातो. संग पालकाची एक जुडीही द्या, मले वरणात आवडते. :)

जुना_लेखापाल

नगरपरिषदेच्या लेखा विभागात नोकरी केली, आता निवृत्त. वकील घरचा की बाहेरचा यावर चर्चा चालली आहे, पण असली प्रकरणं परिषद हरते ती वकिलामुळे नव्हे. कागद नसतो म्हणून हरते.

वजनाच्या पावत्या संशयास्पद आहेत, असं रद्द करण्याच्या आदेशात लिहिलं. ठीक. मग त्याच पावत्यांवर आरोग्य निरीक्षकाची सही कशी? त्याच बिलांना मोजमाप पुस्तकात नोंद कशी? त्याच महिन्यांची बिलं पूर्ण पास कशी झाली? ठेकेदाराचा वकील पहिल्याच दिवशी हे विचारणार. टनावर बिल असतं तेव्हा माती, विटांचा चुरा, ओलं गवत घालून वजन वाढवतात हे साऱ्या कार्यालयाला माहीत असतं. पण त्या वेळी कोणी पंचनामा करत नाही, फोटो काढत नाही, दंड लावत नाही. पुढे एकदम कंत्राटच रद्द. लवादासमोर परिषदेकडे दाखवायला उरतात त्या बिलं मंजूर केल्याच्या सह्या. त्यावर मुंबईहून कितीही मोठा वकील आणा, तो बोलणार काय?

म्हणून संत्रेवाले, तुम्ही सभेत पहिला प्रश्न हा विचारा: दंडाच्या नोंदी, गाड्यांचे जीपीएस अहवाल, लॉगबुक, वजनकाट्याच्या मूळ पावत्या, नागरिकांच्या तक्रारींचं रजिस्टर, हे आज कोणाच्या ताब्यात आहे? वजनकाटा ठेकेदाराचाच असेल आणि संगणक त्याच्या खोलीत असेल, तर आजच पंचनामा करून त्याची प्रत घ्यायला सांगा. वकील नंतर नेमला तरी चालेल, पण यात एक आठवडाही घालवू नका.

नॉर्विचचा_नागपूरकर

मी इंग्लंडमध्ये नॉरफोकमध्ये राहतो. इथला एक किस्सा तुमच्या उपयोगी पडेल. किंग्ज लिन या गावाजवळ कचरा जाळून वीज करायचा मोठा प्रकल्प काउंटी काउन्सिलनं (आपल्या जिल्हा परिषदेसारखी संस्था) ठरवला होता. गावकऱ्यांचा प्रचंड विरोध. २०११ मध्ये तिथल्या स्थानिक परिषदेनं मतदान घेतलं, त्यात ६५ हजारांहून जास्त लोक विरोधात गेले. तरी काउंटीनं करार केला. पुढे परवानगीचा निर्णय वरच्या सरकारकडे अडकला, खर्च फुगत गेला आणि एप्रिल २०१४ मध्ये काउन्सिलनं करार रद्द करायचं ठरवलं. भरपाई आणि बाकीचा खर्च मिळून ३ कोटी पौंडांच्या वर रक्कम द्यावी लागली.

इथे काउन्सिलकडे स्वतःचे पगारी वकील असतात, तरी अशा कामाला बाहेरची फर्म घेतातच. पण बाहेर पडायची किंमत करारात आधीच लिहिलेली होती. ती वाचायचं काम सही करण्याआधीचं. नंतर नेमलेला वकील ती फार कमी करू शकत नाही.

त्रिमूर्तीनगर

हे उदाहरण इथे लागू होत नाही असं मला वाटतं. तिकडे ठेकेदाराची चूक नव्हती, परवानगी मिळेना म्हणून करार सोडावा लागला. संत्रेवाल्यांच्या गावात परिषद म्हणते की ठेकेदारानंच काम नीट केलं नाही. चूक त्याची सिद्ध झाली तर भरपाई देणं सोडा, उलट परिषदच मागू शकते. दोन्ही गोष्टी एकाच मापानं मोजू नका.

नॉर्विचचा_नागपूरकर

त्रिमूर्तीनगर, फरक मान्य आहे. पण चूक 'सिद्ध झाली तर' ना? लेखापाल काका तेच म्हणताहेत. चूक सिद्ध झाली नाही, तर रद्द करणं हाच परिषदेकडून झालेला करारभंग ठरतो. मग किंमत पुन्हा करारातच शोधावी लागेल.

सिव्हिललाइन्सचा_वकील

लेखापाल साहेबांचा प्रतिसाद प्रत्येक मुख्याधिकाऱ्याच्या टेबलावर लावायला हवा.

आता खर्चाबद्दल, कारण ठरावात नेमका तोच गाळलाय. वकिलाची फी हा एक भाग. लवादाची, म्हणजे निवाडा देणाऱ्या व्यक्तीची, स्वतःची फी वेगळी असते. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत नमुना दर दिलेले आहेत. दावा ८ कोटींचा धरा. १ ते १० कोटींच्या टप्प्यात ३ लाख ३७ हजार ५०० रुपये, अधिक १ कोटीच्या वरच्या रकमेवर १ टक्का. म्हणजे १० लाख ३७ हजार ५०० रुपये. हे एका लवादाचे. तिघे असतील तर तिप्पट, ३१ लाखांच्या पुढे. एकटाच लवाद असेल तर २५ टक्के जास्त, म्हणजे १३ लाखांच्या जवळ. ही फी सहसा दोन्ही पक्ष निम्मी निम्मी भरतात. परिषदेनं प्रतिदावा केला तर त्याची फी वेगळी. तेव्हा तीन लवाद की एक, हा निर्णयसुद्धा पैशाचा आहे. करारात मोकळीक असेल तर छोट्या परिषदेनं एकाच लवादाचा आग्रह धरावा, असं माझं मत.

दुसरं. जुन्या करारांत "वाद झाल्यास मुख्याधिकारी स्वतः किंवा त्यांनी नेमलेली व्यक्ती लवाद राहील" असं वाक्य सर्रास सापडतं. आता ते टिकत नाही. लवाद कायद्याचं कलम १२(५) आणि सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाच्या नोव्हेंबर २०२४ च्या निकालानंतर एका पक्षानं एकट्यानं एकमेव लवाद नेमणं चालत नाही. त्या वाक्यावर विसंबून परिषदेनं कोणाला नेमलं तर वर्षभराचं काम वाया जाऊ शकतं.

कामगार_साथी

इतके प्रतिसाद झाले आणि कामगारांचं नाव कोणी काढलं नाही. पहाटे पाचला घंटागाडीवर चढणाऱ्या बाया-माणसांचं काय? कंत्राट रद्द झालं की ठेकेदार सांगतो, परिषदेनं बिल अडवलं, पगार कुठून देऊ. परिषद सांगते, तुम्ही त्याचे कामगार. दोन-तीन महिन्यांची मजुरी आणि पीएफ मधल्या मध्ये अडकतो.

कायदा इथे स्पष्ट आहे. कंत्राटी कामगारांच्या १९७० च्या जुन्या कायद्यात कलम २१(४) प्रमाणे ठेकेदारानं मजुरी दिली नाही तर मूळ मालकानं, म्हणजे इथे नगरपरिषदेनं, ती द्यायची आणि ठेकेदाराच्या बिलातून वसूल करायची, अशी तरतूद होती. नोव्हेंबर २०२५ पासून त्याच्या जागी आलेल्या नव्या श्रमसंहितेतही ही जबाबदारी कायम आहे. वकिलाला द्यायला पैसा निघतो, तर आधी ही मजुरी द्या. आणि ती दिल्याच्या पावत्या लवादासमोर परिषदेच्याच कामी येतील, कारण तेवढी रक्कम ठेकेदाराच्या दाव्यातून वजा मागता येते.

सौ_लकडगंज

कामगार साथी, आमच्या गल्लीतली गाडीवरची मावशी तापातही येते. खाडा पडला की मजुरी गेली. हा मुद्दा पहिल्या क्रमांकावर घ्यायला हवा.

काटोलरोड_संत्रेवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. काही माहिती मिळाली ती लिहितो. कारणे दाखवा नोटीस एकच दिली होती, तीही रद्द करण्याच्या आदेशाच्या थोडे दिवस आधी. ठेकेदाराचं उत्तर आलं, पण आदेशात त्या उत्तराचा उल्लेखच नाही. त्याच आदेशात त्याला काळ्या यादीतही टाकलंय. ठेकेदारानं दिलेली बँक हमी वटवायला बँकेला पत्र गेलंय, पैसे आले की नाही कळलं नाही. मजुरी दोन महिन्यांची बाकी आहे, हे कामगारांनीच सांगितलं. वजनकाटा ठेकेदाराचाच.

सिव्हिललाइन्सचा_वकील

मग परिषदेची बाजू मला वाटली होती त्यापेक्षा कच्ची आहे. उत्तर मागवलं आणि त्याचा विचार केल्याचं आदेशात दिसलं नाही, तर आदेश मनमानी ठरू शकतो. जुलै २०२४ मध्ये सुबोधकुमार सिंह राठौर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं सार्वजनिक संस्थेनं मनमानीनं निविदा रद्द करण्याबद्दल कडक भाषा वापरली आहे. काळ्या यादीत टाकायचं असेल तर नोटिशीतच तसं स्पष्ट सांगावं लागतं, हे २०१४ च्या गोरखा सिक्युरिटीच्या निकालापासून ठरलेलं आहे. तुमच्या नोटिशीत ते होतं का बघा. नसेल तर तेवढा भाग परिषदेनं स्वतःहून मागे घेऊन नव्यानं नोटीस द्यावी. हट्ट धरला तर त्या एका ओळीपायी उच्च न्यायालयात वेगळी याचिका होईल आणि तिचाही खर्च होईल.

बाहेरचा वकील घ्यायचा असेल तर पहिल्या महिन्यात त्याच्याकडून लेखी अभिप्राय घ्या: दाव्यातला किती भाग खरोखर देणं लागतो, किती लढवण्यासारखा आहे. खरं देणं असेल ते देऊन टाकावं. निवाड्यात वेगळं काही लिहिलं नसेल तर निवाड्याच्या तारखेपासून पैसे देईपर्यंत चालू दरापेक्षा दोन टक्के जास्त व्याज कायद्यानंच लागतं.

त्रिमूर्तीनगर

म्हणजे ठेकेदारानं गाड्या कमी लावल्या, कचरा एकत्र टाकला, तरी पैसे त्यालाच? हे चीड आणणारं आहे.

जुना_लेखापाल

चीड येणारच. पण गाड्या कमी आल्या त्या त्या दिवशी दंड लावला असता तर आज ही वेळ आली नसती. करारात रोजच्या दंडाचं कलम असतंच. ते वापरायला पुढाऱ्यांचा फोन आड येतो, एवढंच लिहितो.

माहितीचा_अर्ज

संत्रेवाले, सभेची वाट न बघता माहिती अधिकाराचा अर्ज टाका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, एकच विषय, मजकूर १५० शब्दांच्या आत. महाराष्ट्राच्या नियमात तशी मर्यादा आहे. मागा: कराराची प्रत, कारणे दाखवा नोटीस आणि तिचं उत्तर, रद्द केल्याचा आदेश, लावलेल्या दंडाचा तपशील, पॅनेलवरच्या वकिलांना दिलेलं मानधन. वकिलाचा सल्ला किंवा लढाईची तयारी मागू नका. ते नाकारतील, आणि नाकारणं योग्यही आहे. तो कागद ठेकेदाराच्या हाती पडला तर गावाचंच नुकसान. फी किती दिली हा मात्र जनतेच्या पैशाचा हिशेब आहे, तो मागाच. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

इतवारी_भाऊ

वकील साहेब, लेखापाल काका, तुमचं वाचून मले पटलं. लवादासाठी चांगला वकील लागतेच. पण मंग त्याची फी किती ते आधी सांगा ना बाप्पा! घरी गवंडी लावला तरी आपण रोजी पयले ठरवतो.

माजी_सदस्या

मी एका नगरपरिषदेत सदस्य होते. सभेत नागरिक म्हणून तुम्हाला बोलता येणार नाही, पण प्रभागाच्या सदस्यामार्फत उपसूचना (ठरावात बदल सुचवणारी सूचना) देता येते. ती लेखी द्या आणि इतिवृत्तात नोंदवायला लावा. तोंडी विरोध इतिवृत्तात येतच नाही, "सर्वानुमते मंजूर" एवढंच येतं. ठराव तसाच पास झाला आणि बेकायदा वाटला तर नगरपरिषदांच्या १९६५ च्या अधिनियमात कलम ३०८ खाली जिल्हाधिकारी त्याची अंमलबजावणी थांबवू शकतात. पण ते शेवटचं पाऊल ठेवा. लवादाच्या मुदती चालू असताना वकीलच नेमायचा राहिला तर नुकसान गावाचं होईल.

काटोलरोड_संत्रेवाला

ठरलं. ठरावाला सरसकट विरोध करत नाही. आमच्या प्रभागाच्या सदस्य ताईंशी बोललो, त्या उपसूचना मांडायला तयार आहेत. मसुदा असा केलाय, चुका सांगा:

"बाहेरील वकील नेमण्यास या अटींवर मान्यता द्यावी. किमान तीन वकिलांकडून फीचे लेखी प्रस्ताव घ्यावेत. फी टप्प्यानुसार ठरवावी व एकूण कमाल रक्कम ठरावात नमूद करावी, ती ओलांडायची झाल्यास विषय पुन्हा सभेपुढे आणावा. निवडलेल्या वकिलाने एका महिन्यात दाव्याबाबत लेखी अभिप्राय द्यावा. वजनकाट्याच्या नोंदी, लॉगबुक व जीपीएस अहवाल सात दिवसांत पंचनामा करून ताब्यात घ्यावेत. उघडा ढीग पावसाळ्यापूर्वी झाकावा."

जुना_लेखापाल

चांगला झालाय. "कोणत्या लेखाशीर्षातून खर्च" हेही घाला. नाहीतर स्वच्छतेच्याच तरतुदीतून वकिलाची फी जाईल आणि नव्या गाड्यांना पैसा उरणार नाही.

कामगार_साथी

मजुरीची अट राहिली की! तीही घाला: "दोन महिन्यांची थकीत मजुरी व पीएफ परिषदेने प्रथम अदा करून ठेकेदाराच्या देयकातून वसूल करावा." आणि सभेआधी हजेरी रजिस्टरच्या झेरॉक्स काढून ठेवायला कामगारांना सांगा. रजिस्टर ठेकेदाराच्या मुकादमाकडे आहे, आज तो देतोय, उद्याचं सांगता येत नाही. मी रविवारी त्या बाजूला येणार आहे. चौघं-पाच जण भेटले तर अर्ज तिथेच बसून लिहू.